उजव्या विचारांच्या चित्रपट महोत्सवाला जाताय? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उजव्या विचारांचा महोत्सव ओळखायचा कसा?

फलकावर ‘उजवा’ असं कुणीच लिहीत नाही. ‘भारतीय मूल्यं’, ‘राष्ट्रीय विचार’, ‘आपली संस्कृती’ असे शब्द दिसले आणि विषयांच्या यादीत सामाजिक समरसता, ग्रामविकास, कुटुंब, स्वातंत्र्यलढ्यातले अपरिचित वीर, आणीबाणी, फाळणी असं काही असलं की समजायचं. हे विषय काही एका बाजूच्या मालकीचे नाहीत, पण निवड करणाऱ्यांचा कल यादीवरून कळतो. यादी नसेल तर परीक्षकांची आणि प्रमुख पाहुण्यांची नावं बघा.

‘स्वतंत्र’ याचा अर्थ इतकाच, की चित्रपटांमागे मोठा स्टुडिओ नसतो. बहुतेक लघुपट आणि माहितीपट असतात, पदरचे पैसे घालून केलेले. तिकीटबारीवर गाजलेले देशभक्तीचे चित्रपट बघायला मिळतील या आशेने गेलात तर विरस होईल.

आपल्याकडे असे महोत्सव कुठे होतात?

सगळ्यात ठळक नाव चित्र भारती चित्रपट महोत्सवाचं. भारतीय चित्र साधना ही संघविचारांची संस्था तो दर दोन वर्षांनी भरवते. २०१६ साली इंदूर, २०१८ ला दिल्ली, २०२० ला अहमदाबाद, २०२२ ला भोपाळ आणि २०२४ ला पंचकुला असा त्याचा प्रवास झाला. गाव दर खेपेला बदलतं. लघुपट, माहितीपट, बालचित्रपट आणि विद्यार्थ्यांनी केलेले कॅम्पस चित्रपट असे विभाग असतात.

शिवाय कॉलेजं, मंडळं आणि विचारमंच एक-दोन दिवसांचे छोटे महोत्सव भरवतात. ठाण्यात अशा कार्यक्रमाला प्रेक्षक शोधावा लागत नाही. जानेवारीत नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला ऐकायला जो वर्ग येतो, तोच इथेही पुढच्या रांगा भरतो. नवी मुंबईत मात्र प्रेक्षक विखुरलेला आहे आणि त्यात कॉलेजच्या मुलांचं प्रमाण जास्त दिसतं.

हे अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह महोत्सवांसारखंच असतं का?

नाही. तिकडे २००४ साली एकाच वर्षात दोन महोत्सव सुरू झाले, लॉस एंजेलिसला लिबर्टी फिल्म फेस्टिव्हल आणि डॅलसला अमेरिकन फिल्म रेनेसाँ. अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष होतं, मायकल मूर यांच्या बुशविरोधी माहितीपटावरून रान पेटलं होतं आणि हॉलिवूड एकाच बाजूचं आहे ही तक्रार या महोत्सवांच्या मुळाशी होती. २०११ पासून लास व्हेगासच्या फ्रीडमफेस्टमध्ये अँथम हा महोत्सव सुरू झाला. तो मुक्त बाजारपेठ आणि व्यक्तिस्वातंत्र्य मानणाऱ्यांचा, म्हणजे धर्म-परंपरावाल्यांपेक्षा वेगळ्या घराण्याचा. कर कमी करा, सरकार लहान ठेवा, हा तिकडचा जिव्हाळ्याचा विषय इकडच्या पडद्यावर क्वचितच येतो. इथला भर संस्कृती, समाज आणि इतिहासावर असतो.

मी या विचारांचा नाही. गेलो तर चालेल का?

चालेल. नोंदणीच्या फॉर्मवर विचारसरणी कुणी विचारत नाही आणि दारावर परीक्षा घेत नाही. लोक ‘कुठून आलात, काय करता’ एवढं विचारतात. ‘कुठल्या शाखेचे?’ असा प्रश्न आलाच तर ‘मी फक्त सिनेमा बघायला आलोय’ हे उत्तर पुरतं. विषय तिथेच संपतो आणि चहा येतो.

खरी अडचण उलटीच असते. विरोधात मत असलेला माणूस बऱ्याचदा पहिल्या लघुपटातच मनाशी निकाल लावून टाकतो आणि पुढचे तीन नुसते मोजत बसतो. विचार पटणारा माणूस तेच करतो, फक्त टाळ्या वाजवून.

सगळे चित्रपट प्रचारकीच असतात ना?

बरेच असतात. सगळे नसतात. पण फरक विषयात शोधू नका, तो हाताळणीत असतो.

पाणलोटाच्या कामाने पालटलेल्या एखाद्या दुष्काळी गावावरचा माहितीपट घ्या. पहिला प्रकार असा: ड्रोनने गावावरून चक्कर, बासरी, आणि भारदस्त आवाजातलं निवेदन जे अठरा मिनिटं थांबतच नाही. गावकरी दिसतात, हात जोडतात, पण त्यांचं एक वाक्यही पुरं ऐकू येत नाही. दुसरा प्रकार: एक म्हातारी बांधावर उभी राहून सांगते की चर खणताना भावकीत भांडण झालं, कारण पाणी कुणाच्या शेताखालून जाणार ते ठरत नव्हतं. दिग्दर्शकाने ते भांडण कापलेलं नाही. दोन्ही चित्रपटांचा निष्कर्ष तोच, गाव एकत्र आलं. पण दुसऱ्यात गाव दिसतं.

बघताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. समोरच्या बाजूच्या माणसाला चित्रपटात चांगलं वाक्य मिळालं आहे का? संगीत बंद केलं तर प्रसंग उभा राहतो का? आणि ऐतिहासिक दावा असेल तर कागद, तारीख, साक्षीदार यांपैकी काही दाखवलं आहे, की सगळं नाट्यरूपांतरातच उरकलं आहे? हीच फूटपट्टी डाव्या विचारांच्या महोत्सवातही लावा, तिथेही ती तितकीच उपयोगी पडते.

आमचं मत विचाराल तर अशा महोत्सवात कॅम्पस विभाग आधी गाठावा. तिथे कच्चेपणा असतो, आवाजाची बोंब असते, पण मुलांना अजून ठरीव साच्यात बोलता येत नाही हे फार मोठं सुख आहे.

नोंदणी कशी करायची?

डेलिगेट, म्हणजे नोंदणीकृत प्रेक्षक म्हणून ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. नाव, फोटो, ओळखपत्राचा क्रमांक आणि शुल्क. विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते, पण त्या वर्षाचं वैध कॉलेज ओळखपत्र लागतं. फॉर्मवरचं नाव ओळखपत्राशी जुळवूनच लिहा. ‘बंड्या जोशी’ नावाने नोंदणी आणि आधार कार्डावर भलतंच नाव, यात काउंटरवर अर्धा तास सहज जातो. फोटो २०० केबीच्या आत करून ठेवा, जड फोटोमुळे फॉर्म अडकतो आणि पैसे मात्र कापले जातात. तसं झालं तर दुसऱ्यांदा पैसे भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घेऊन आयोजकांना मेल करा.

पास पहिल्या दिवशी सकाळी घ्यायला जाऊ नका. आदल्या संध्याकाळी काउंटर उघडं असेल तर तेव्हाच उरका.

पास असूनही आत सोडत नाहीत. असं का?

डेलिगेट पास म्हणजे महोत्सवाचा प्रवेश, खुर्ची राखीव नव्हे. सभागृहाच्या आसनांपेक्षा जास्त पास दिलेले असतात, कारण सगळे एकाच वेळी येत नाहीत असा हिशेब असतो. नामवंत पाहुणे असलेल्या सत्राला तो चुकतो. त्यातही पहिल्या दोन-तीन रांगा निमंत्रितांसाठी दोरी लावून ठेवलेल्या असतात. हवं ते सत्र असेल तर ३० मिनिटं आधी रांगेत उभे राहा. निमंत्रितांच्या जागा रिकाम्या राहिल्या तर दिवे मालवायच्या आधी पाच मिनिटं सोडतात का, हे स्वयंसेवकाला विचारून ठेवा.

मुलांना नेता येतं का?

महोत्सवातले अनेक चित्रपट सेन्सॉर बोर्डाकडे गेलेलेच नसतात. ते दाखवायला सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ च्या कलम ९ खाली केंद्र सरकारकडून सूट घेतली जाते आणि ती ठरावीक अटींवर, नोंदणी केलेल्या प्रेक्षकांपुरती असते. म्हणून बऱ्याच महोत्सवांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. चित्रपट कौटुंबिक असला तरी नियम तोच. बालचित्रपटांचं सत्र वेगळं असतं, तिथे नेता येईल का ते आधी विचारा. प्रमाणित चित्रपट असेल तर २०२३ च्या दुरुस्तीनंतरचे यूए ७+, यूए १३+, यूए १६+ हे गट बघून ठरवा.

वेळापत्रक कसं वाचायचं?

लघुपट एकेकटे दाखवत नाहीत. सहा-सात लघुपटांचा एक गठ्ठा, साधारण ९० मिनिटांचा, आणि त्याला सत्र क्रमांक. तुम्हाला हवा असलेला लघुपट गठ्ठ्यात कितवा आहे ते बघा आणि आधीच्यांची मिनिटं मिळवून वेळ काढा. त्यात प्रत्येक लघुपटामागे दोन मिनिटं घाला, कारण निवेदक बोलतातच. दुपारपर्यंत वेळापत्रक ४० मिनिटं मागे पडलेलं असेल असं धरून चाला. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार आणि शाल-श्रीफळ यांची वेळ छापील कागदावर नेहमी खऱ्यापेक्षा निम्मी असते.

नाट्यगृहात महोत्सव असेल तर कुठे बसावं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण अनुभव सगळ्यात जास्त यावरच ठरतो. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं विष्णुदास भावे ही नाटकांसाठी बांधलेली घरं आहेत. पडदा वर टांगलेला असतो, प्रोजेक्टर भाड्याचा असतो आणि खालच्या रांगांचा चढ सिनेमागृहाइतका नसतो. त्यामुळे समोरच्याचं डोकं नेमकं सबटायटलवर येतं. मल्याळम, आसामी, संस्कृत चित्रपट असतील तर हे फार खुपतं. बाल्कनी उघडी असेल तर तिची पहिली रांग घ्या. नसेल तर खाली मधोमध, दोन-तृतीयांश मागे. अगदी बाजूच्या खुर्च्या टाळा, भाड्याचे स्पीकर तिथेच उभे असतात. मल्टिप्लेक्समध्ये यातली कुठलीच काळजी नाही, फक्त गरम कपडा न्या.

चित्रपट मध्येच का थांबतो? आवाज का येत नाही?

नाट्यगृहात बहुधा लॅपटॉपवरून चित्रपट चालतो. एचडीएमआय केबल प्रोजेक्टरला जोडली की लॅपटॉप आपोआप आवाजही प्रोजेक्टरकडे पाठवतो आणि ध्वनियंत्रणेपर्यंत काहीच पोचत नाही. मग पडद्यावर ओठ हलतात, सभागृहात ‘आवाज, आवाज’ सुरू होतं आणि कुणीतरी स्टेजवर धावत जाऊन ध्वनीची वाट बदलतो. सतत घोंघावणारा आवाज येत असेल तर बहुधा रंगमंचाच्या दिव्यांची आणि साउंडची वीज एकाच लाइनवर घेतलेली असते.

मल्टिप्लेक्समध्ये डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरसाठी बनवलेली चित्रपटाची डिजिटल प्रत चालते आणि तिथे दुखणं वेगळं. कुलूपबंद डीसीपीला केडीएम नावाची किल्ली लागते. ती एका ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. आयत्या वेळी सभागृह बदललं किंवा सत्र किल्लीच्या मुदतीबाहेर ढकललं गेलं की चित्रपट उघडतच नाही. त्यात ऑपरेटरचा दोष नसतो, त्याच्यावर ओरडून उपयोग नाही.

माझा लघुपट निवडला गेलाय. सोबत काय न्यावं?

डीसीपी मागितली असेल तर सेकंदाला २४ फ्रेम, चित्राची चौकट फ्लॅट असेल तर १९९८ बाय १०८० पिक्सेल आणि जास्त रुंद, म्हणजे स्कोप असेल तर २०४८ बाय ८५८. बिट-रेटची कमाल मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट आहे, म्हणजे १५ मिनिटांचा लघुपट जास्तीत जास्त २८ जीबीच्या आसपास. मॅकवर फॉरमॅट केलेली डिस्क थिएटरचा सर्व्हर वाचत नाही, हा सर्रास होणारा घोळ. डीसीपीला कुलूप लावूच नका, लघुपट चोरायला कुणी टपलेलं नाही. जोडीला एच.२६४ ची एमपी४ फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, सबटायटल चित्रातच छापलेली. फाइलचं नाव ‘फायनल फायनल ३’ असं ठेवू नका. चित्रपटाचं नाव, कालावधी आणि भाषा इतकं हवं.

आदल्या रात्री किंवा पहाटे तपासणीला वेळ मागून घ्या. पहिली ३० सेकंदं, मधला एक संवाद आणि शेवटची श्रेयनामावली एवढं बघितलं तरी पुरे. घरच्या हेडफोनवर मिसळलेला आवाज मोठ्या सभागृहात पार्श्वसंगीताखाली संवाद गिळतो, आणि या महोत्सवांत पार्श्वसंगीताचा सोस जरा जास्तच असतो.

प्रश्नोत्तरांत खरोखर काहीही विचारता येतं का?

विचारता येतं, पण चिठ्ठीवर प्रश्न मागवण्याची पद्धत असेल तर टोकदार प्रश्न गाळले जातात. माइक फिरत असेल तर हात लवकर वर करा, पहिल्या दोन प्रश्नांनंतर ‘वेळेअभावी’ सुरू होतं. प्रश्न अर्ध्या मिनिटात बसवा. ‘तुम्ही एकच बाजू का दाखवली?’ याला ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी ‘अमुक प्रसंगातला माणूस कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाला, त्याच्या विरोधातल्या कुणाशी बोललात का? ते का घेतलं नाही?’ असं विचारा. दिग्दर्शकाला खरं बोलावं लागतं. प्रश्नाऐवजी भाषण ठोकणारे काका दोन्ही बाजूंना असतात, त्यांच्याआधी नंबर लावा.

सत्राचं चित्रीकरण होतं आणि समाजमाध्यमांवर जातं. चेहरा दिसायला नको असेल तर सभागृहाबाहेर दिग्दर्शकाला गाठा. तसंही बाहेर चहाच्या टेबलाशी तो जास्त मोकळा बोलतो.

मोबाइलवर थोडंसं शूट केलं तर?

करू नका. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय पडद्यावरचा चित्रपट रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, आणि दंड किमान तीन लाख रुपये. फलकासमोर सेल्फी काढा हवा तेवढा.

वंदे मातरम् , राष्ट्रगीत वगैरे असतं का?

असतं, बहुधा उद्घाटनाला आणि समारोपाला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सिनेमागृहांत राष्ट्रगीत वाजवणं ऐच्छिक केलं, पण वाजवलं तर उभं राहायचं. उद्घाटन टाळायचं असेल तर थेट पहिल्या सत्राला या, कुणी हजेरी घेत नाही.

सरकारी नोकराने जावं का?

पास काढून प्रेक्षक म्हणून चित्रपट बघणं म्हणजे राजकारणात भाग घेणं नव्हे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ लागू आहेत, आणि त्यांचा रोख राजकीय पक्षांशी व पक्षीय कामाशी असलेल्या संबंधांवर आहे. म्हणून आयोजन समितीत नाव, व्यासपीठावरचं भाषण किंवा पक्षाच्या मंडळींसोबतचे फोटो यांबाबत जपा. संघाच्या कार्यक्रमांत भाग घेण्यावरची बंदी उठवणारा ९ जुलै २०२४ चा जो आदेश लोक दाखवतात तो केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीचा आहे.

निवडणुकीच्या दिवसांत महोत्सव होतो का?

होतो, पण काटछाट होते. लोकसभा आणि विधानसभेसाठी मतदान संपण्याआधीचे ४८ तास निवडणुकीशी संबंधित मजकूर पडद्यावर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ ने बंदी आहे. नेत्यांवरचे चित्रपट तेव्हा वेळापत्रकातून गायब होतात. पास काढण्याआधी मतदानाची तारीख बघून घ्या.

बाहेर निदर्शनं झाली तर?

क्वचित होतात. मोठी बॅग, पाण्याची बाटली, झेंड्याची काठी नेऊ नका, पोलीस तपासणीत तिथेच ठेवावी लागते. वादात पडायची हौस प्रश्नोत्तरांत भागवा.

ठाणे-नवी मुंबईतून जायचं कसं?

गडकरीला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत जा, तलावपाळीच्या कडेलाच आहे. गाडी नेलीत तर गावदेवी मैदानाखालचं पार्किंग बघा. घाणेकर नाट्यगृह हिरानंदानी मेडोजमध्ये आहे, स्टेशनपासून रिक्षा किंवा बस लागते आणि शनिवारी संध्याकाळी तिकडचे रस्ते तुंबलेले असतात. वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र स्टेशनपासून चालत येण्यासारखं, तर भावे नाट्यगृह सेक्टर १६ मध्ये. ठाण्याहून वाशीला ट्रान्सहार्बरच्या गाडीने अर्धा तास लागतो. गाड्या पूर्वेकडच्या ९-१० नंबरवरून सुटतात, तिथवर पूल चढून जायला गर्दीत दहा मिनिटं धरा. महोत्सव हमखास रविवारी असतो आणि मेगाब्लॉकही रविवारीच. ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारी रात्री बघा. रात्रीचं सत्र असेल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच टिपून ठेवा.

दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. तारखा जाहीर झाल्या की लगेच तिकीट काढा, निवड झाल्याचं पत्र यायची वाट बघू नका. रद्द करता येतं.

खाण्याचं काय?

आत शाकाहारी जेवण असतं, कुपनावर. रांग लांब, पुलाव कोमट. गडकरीला असाल आणि ४० मिनिटांची सुट्टी असेल तर मामलेदार मिसळ गाठता येते. मध्यमच सांगा, तिखट खाऊन दुपारचा माहितीपट बघणं सोपं नाही.

महोत्सव तीन दिवसांचा असेल तर तिन्ही दिवस जायलाच हवं का?

नाही. एकच दिवस काढता येत असेल तर दुसरा काढा. पहिल्या दिवशी उद्घाटन सकाळ खातं, शेवटच्या दिवशी पारितोषिकं संध्याकाळ खातात, मधल्या दिवशी सर्वांत जास्त चित्रपट दाखवतात. पारितोषिक मिळालेले लघुपट शेवटी पुन्हा दाखवणार असतील तर ते समारंभाआधी की नंतर, एवढं काउंटरवर विचारूनच परतीचं तिकीट काढा.